डावीकडून पहिले नाव

माझ्यासारखीने आपल्या तरुणपणाबद्दल लिहायला बसावे हे धार्ष्ट्य आहे, याची मला जाणीव आहे. नोकरीची सगळी वर्षे मी इतरांनी रचलेले श्लोक विद्यार्थ्यांना उलगडून सांगण्यात घालवली. स्वतःचे म्हणून चार ओळींचे निवेदनही कधी सभेपुढे वाचले नाही. स्टाफरूममध्ये चर्चा रंगात आली की मी कपात उरलेल्या चहाकडे पाहत बसे. अशा बाईने निवृत्तीनंतर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिसू लागलेल्या नव्या उजेडात, एकाएकी आठवणी सांगू लागावे, यात वाचकांचा वेळ घेण्यापलीकडे काही साधेल की नाही याची मला शंका आहे. तरीही लिहिते आहे. कारण एक गोष्ट मला ठरवता येत नाही, आणि ती समोरासमोर कोणाला विचारण्याइतका धीर माझ्यात नाही.

गोष्ट तशी लहान आहे. माझा भाचा निखिल याने आमच्या घरातला एकुलता एक जुना सामूहिक फोटो मोठा करून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "आत्या, तुझं अक्षर चांगलं आहे. खाली नावं तूच लिही. डावीकडून." मी पेन हातात घेतले, चष्मा नीट केला, आणि पहिल्याच नावाशी थांबले. त्या जागी, मागच्या रांगेच्या डाव्या टोकाला, माणूस नाही. काळोख आहे. वरच्या कोपऱ्यातून खाली उतरलेला, कडेला गोलसर, शाईचा डाग पसरावा तसा काळोख. तो तिथे कसा आला आणि त्याच्यामागे कोण उभे होते, हेच मला सांगायचे आहे.

आमचे घर रत्नागिरीत, मांडवीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होते. समुद्र दिसत नसे, पण वारा पडला की ऐकू येई, आणि वारा सुटला की खिडकीच्या गजांवर हात फिरवला तर बोटांना खार लागे. पुढे जांभ्याचे चिरे बसवलेले अंगण होते. लांबीला ठीक, पण रुंदीला इतके अपुरे की पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला फाटकातल्या माणसाशी कुजबुजून बोलता यावे. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात गणित शिकवत. त्यांचा स्वभाव शांत होता, परंतु कोणत्याही वस्तूची खडखड त्यांना सहन होत नसे. कढईचा दांडा, विजेरीचे झाकण, सायकलच्या पंपाची मूठ, छत्रीची मूठ, दाराची कडी, जे काही हले त्याला ते सूत गुंडाळत, वरून मेणबत्तीचा तुकडा घासत, आणि मग ती वस्तू कानाशी धरून हलवून पाहत. आवाज थांबला की त्यांच्या चेहऱ्यावर प्रमेय सिद्ध झाल्याचे समाधान दिसे. आमच्या घरात सैल झालेली वस्तू दुकानात गेल्याचे मला आठवत नाही.

हे सूत ताईआत्याचे. ताईआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. दुपारची भांडी झाली की ती माजघरात बसून टकळीवर जानव्याचे सूत काते. पितळेच्या वाटीत टकळीचे टोक फिरताना जो बारीक किणकिणाट होई, तो माझ्या लेखी दुपारचा आवाज. गावात कोणाकडे मुंज निघाली की जानवी आमच्या घरून जात. उरलेली सुते एका डब्यात पडत, आणि तो डबा म्हणजे अण्णांचे हत्यारघर. माझ्या जन्मानंतर आई दीर्घकाळ आजारी होती. त्या काळात माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हिनेच वाढवले. त्याला आवडतात म्हणून ती बरक्या फणसाची सांदणं करी, आणि ती वाफेवरून उतरली की पहिले त्याच्या ताटलीत पडे. मला दुसरे मिळे. मला त्याचे वाईट वाटल्याचे आठवत नाही. दुसरेही गरमच असे.

ताईआत्या फोटोत येत नसे. घरात कधी फोटोवाला आला, कोणाकडे कार्य निघाले, की सगळे उभे राहीपर्यंत ती असे आणि मग नसे. "दूध उतू जाईल", "मांजर शिरली वाटतं", "तुम्ही काढा, मी आल्येच" असे काहीतरी पुटपुटत ती आत जाई, आणि फोटो होईपर्यंत बाहेर येत नसे. तिला कोणी येऊ नको म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही. तसेच, ये म्हणून कोणी फार आग्रह केल्याचेही ऐकले नाही. हे मला आता सुचते आहे. तेव्हा सुचले नव्हते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली त्या वैशाखात दादाला जहाजावर नोकरी लागली. ती मिळवून दिली हसनने. हसन आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा, अण्णांचा जुना विद्यार्थी. गणितात जेमतेम पास झालेला, परंतु जहाजावर जाऊन पाचसहा बंदरे पाहिलेला. तो सुट्टीवर येताना एक कॅमेरा घेऊन आला होता आणि त्याला लावायचे एक रुंद भिंग. त्या भिंगातून पाहिले की आमचे अपुरे अंगण मैदानासारखे दिसे. दादाने ते पाहिले मात्र, त्याने हट्ट धरला. वर्षभर तरी घरी येणे नव्हते. "मला सगळ्यांचा एक फोटो हवा. आणि आत्या असली तर. आत्या नसली तर नको, मग कोणाचाच नको." अण्णा पेपर वाचत होते ते तसेच वाचत राहिले. ताईआत्या म्हणाली, "माझा काय करायचाय फोटो? मला काय पाहायचं राहिलंय?" दादा म्हणाला, "मी परत येईपर्यंत तू असशील याची काही लेखी हमी देत्येस?" आई त्याच्यावर ओरडली. ताईआत्या मात्र हसली, आणि म्हणाली, "बरं. राहत्ये उभी."

घरात हे एखाद्या कार्याचे ठरावे तसे ठरले. पावस गावाहून काका, काकू आणि त्यांची दोन मुले आली. हसन निरोप घ्यायला सासुरवाडीला जयगडला जाणार होता. जाताना तो कॅमेरा आमच्याकडे ठेवून गेला. घरातली इंग्रजी वाचणारी, हलक्या हाताची मुलगी म्हणून फोटो मी काढायचा असे त्यानेच ठरवले. मला नाही म्हणता आले नाही; मला ते कधीच येत नसे. "सुमे, उन्हात हे कडं सोळावर ठेव, दुसऱ्या कशाला हात लावू नको," त्याने समजावले. "रोल संपत आलाय. एक फोटो नक्की निघेल, दुसऱ्याची खात्री नाही. आणि सर, भिंगापुढची ही काच काढू नका हां. खारं वारं आहे इथलं. ती काच गेली तर नवी मिळते, भिंग गेलं तर गेलंच."

ही काच म्हणजे ज्याला फिल्टर म्हणतात ती. पातळ, रंग नसलेली, एका काळ्या कड्यात बसवलेली. कड्याला बाहेरून आटे असतात आणि ते भिंगाच्या तोंडाशी फिरवून बसवायचे असते. इतके ज्ञान मला आज आहे. त्या वेळी मला इतकेच कळले की हसनची पाठ वळताच अण्णांनी कॅमेरा हातात घेतला, आणि तो टेबलावर ठेवताना टिक असा आवाज झाला. त्यांनी तो पुन्हा उचलला. हलवला. टिक टिक.

"सैल आहे," अण्णा म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून भिंगाच्या कडेवरचा आकडा वाचला, मग फिल्टरच्या कड्यावरचा. दोन्ही सारखे होते. यामुळे ते अधिकच गोंधळले. "आकडे सारखे, म्हणजे माप बरोबर. माप बरोबर, तर सैल कसा?" त्यांनी ते मला विचारले, काकांना विचारले, शेवटी फळ्यापुढे विचारावे तसे भिंतीला विचारले. आई म्हणाली, "मग काढून ठेवा ना बाजूला. उद्या फोटो काढून झाला की लावा परत." हे इतके सरळ होते की अण्णांना रागच आला. "काढू नका म्हणून बजावलंन आहे त्याने. दुसऱ्याची वस्तू आहे. आणि हे असं हलत राहिलं नि सुमीच्या हातून चिऱ्यावर पडलं तर काय तोंड दाखवू त्या पोराला?"

तेव्हा त्यांनी जो उपाय केला तो जगात आमच्याच घरात सुचला असता. काच न काढता त्यांनी कडे फिरवून थोडेसे वर आणले, इतकेच की मध्ये बारीक फट पडावी. मग सूत मागितले. डब्यातले जाड निघाले. ताईआत्याने टकळीवरचे ताजे सूत तोडून दिले. "हे घे. आजच कातलंय, बारीक आहे. तुटायचं नाही." सुईच्या टोकाने एकेक फेर त्या फटीत बसवत अण्णा बसले होते, आणि आम्ही सगळे भोवती, एखाद्याच्या डोळ्यातला कण काढताना जमावे तसे. मग त्यांनी कडे उलट फिरवून आवळले, होईल तितके. ते पूर्वीइतके खाली गेले नाही. एका बाजूला किंचित वर राहिल्यासारखे वाटत होते. निदान आज मला तसे वाटते. अण्णांनी कॅमेरा कानाशी धरला. तेवढ्यात फाटकात फणस घेऊन गडी आला, सगळे उठले, आणि आवाज थांबला होता की नाही ते अण्णांनी सांगितल्याचे मला आठवत नाही.

फोटो सकाळी निघाला. अंगणाच्या एका कडेला ताईआत्याने आंब्याचा रस ताटांत ओतून साठं वाळत घातली होती. कावळे येऊ नयेत म्हणून वर एक काळी छत्री उघडी ठेवली होती. सगळ्यांच्या कपड्यांना पेटीचा वास येत होता. पायरीवर मागची रांग: डावीकडून ताईआत्या, आई, काकू, काका, अण्णा. पुढे स्टुलावर दादा, आई आणि आत्या यांच्यामध्ये येईल असा, आणि उजवीकडे काकांची मुले. ताईआत्याला मध्ये उभे राहा म्हणून दादाने दोनदा सांगितले. "मी इथेच बरी. इथून साठं दिसतात मला." हे तिचे कारण. मी फाटकाला पाठ टेकवून उभी होते. भिंगामागच्या लहानशा खिडकीतून मी पाहिले, आणि सगळे दिसले. सगळे म्हणजे सगळे. ताईआत्या अगदी कडेला, पागोळीच्या सावलीत, पण दिसत होती. पदर कानामागे खोचलेला, नजर माझ्याकडे नव्हे तर ताटांकडे. मी म्हटले, "हलू नका." दादा ओठ न हलवता म्हणाला, "आत्ये, पळालीस तर बघ." कोणीतरी हसले. कुठेतरी कावळा ओरडला. मी बटण दाबले.

मी कॅमेरा खाली घेतला तेव्हा ताईआत्या साठांजवळ होती आणि छत्रीने कावळ्याला हाकलत होती.

दुसरा फोटो निघाला नाही. रोल पुढे सरकवायची कळ अडकली. संध्याकाळी हसन कॅमेरा न्यायला आला. भिंगाच्या मानेभोवती डोकावणारे पांढरे सूत पाहून तो इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. "सर! माझ्या कॅमेऱ्याची मुंज लावलीत?" अण्णाही हसले, आई हसली, काका तर खोकेपर्यंत हसले. ताईआत्या म्हणाली, "मग? भिक्षावळ घाल आता त्याला." त्या हसण्यात अण्णांनी खडखडीची गोष्ट सांगितली, आणि हसनने कॅमेरा कानाशी नेऊन हलवल्याचे मी पाहिले. "आवाज तर अजून येतोय, सर," तो म्हणाला. परंतु काकूने त्याच्यापुढे सांदणाची ताटली धरली आणि बोलणे दुसरीकडे गेले. त्याने फिल्टर फिरवून पाहिला, तो आता हलेना. "राहू दे, मुंबईत बघतो," म्हणून त्याने कॅमेरा पिशवीत घातला.

ते दोघे हातखंब्याहून रातराणी एसटीने मुंबईला गेले. रोल तिथेच धुतला. दादाने तो फोटो बंदरावर जाण्याच्या दिवशी प्रथम पाहिला. पुन्हा काढायला ना वेळ होता ना माणसे. एक प्रत त्याने बरोबर नेली, दुसरी ओळखीच्या माणसाबरोबर आमच्याकडे आली. पाकीट आईने उघडले. आधी तिला वाटले की कागद भाजला आहे. मग तिने तो अण्णांकडे दिला, अण्णांनी काकदृष्टीने पाहिला, आणि म्हणाले, "ताई कुठे आहे?"

तो प्रश्न आमच्या घरात पुढे कित्येक दिवस जेवणाच्या पानांवर होता. आईचे म्हणणे, धुणाऱ्याने औषध सांडले. काकांनी कळवले की छत्रीची सावली आली असणार. मी पुन्हा पुन्हा सांगत होते की मी तिला पाहिले होते, कडेला होती पण तिचा चेहरा दिसत होता, आणि जितक्या वेळा सांगे तितका माझा माझ्यावरचा विश्वास कमी होई. जिथे तिचे डोके, खांदे, छाती असायला हवी तिथे तो गोल काळोख, आणि त्याखाली स्टुलावरचा दादा नि साठांवरची उघडी छत्री. तो संपतो तिथे, आई आणि तो काळोख यांच्यामध्ये, दादाच्या खांद्यावर चार बोटे आहेत. नुसती बोटे. मनगट अंधारात आहे. बांगडी आहे की नाही ते दिसत नाही. आई म्हणाली, "ही माझी बोटं. मीच हात ठेवला होता." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "की ठेवला नव्हता? मला पदर सावरायचा होता."  अण्णांनी पुठ्ठ्याची एक नळी केली, तिच्या तोंडाशी पुठ्ठ्याचेच कडे तिरके धरले, आणि दोन दिवस एक डोळा मिटून अंगणाकडे पाहत राहिले.

ताईआत्या तेवढी गोंधळली नव्हती. तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, त्या काळ्या कोपऱ्यावर बोट टेकवले. "ही मी."

"अगो, पण दिसत कुठे आहेस?" आई म्हणाली.

"न दिसायला काय झालं? उभी होत्ये ना मी."

आणि यानंतर तिला एक कायमचे उत्तर मिळाले. दादा वर्षाने परत आला, सुखरूप, मिशा ठेवून, तेव्हा, आणि पुढे त्याच्या लग्नात, माझ्या पदवीच्या वेळी, निखिलच्या बारशाला, कोणी कॅमेरा काढला की ती शांतपणे म्हणे, "माझा फोटो झालाय काढून. एकदा झाला तो झाला." आणि आत जाई. पुढे ती गेली तेव्हा दादाने सगळी कपाटे उपसली. तिचा दुसरा फोटो निघाला नाही.

अण्णांनी मला एकदाच विचारले. ते तेव्हा फार थकले होते, आणि मी त्यांच्या उशाशी संत्रे सोलत होते. मध्येच म्हणाले, "सुमे, सूत जास्त झालं का गो?" कशाबद्दल ते मला विचारावे लागले नाही. मी म्हटले, "माहीत नाही, अण्णा." ते खरेच होते. धीर देणारे काहीतरी खोटे मला वेळेवर सुचले नाही.

आता निखिलने आणखी एक उद्योग केला आहे. मी रिकामी बसते असे त्याला वाटते, म्हणून त्याने आपला वापरलेला कॅमेरा मला दिला; हसनच्या कॅमेऱ्यासारखाच आरसा असलेला, आणि योगायोगाने रुंद भिंगाचा. या वयात मी अंगणातल्या जास्वंदीचे फोटो काढायला शिकते आहे आणि बहुतेक वेळा माझेच बोट त्यात येते. परवा तो कॅमेरा उचलला तर भिंगाशी टिक टिक. मी तो कानाशी धरला. निखिल म्हणाला, "फिल्टर सैल असेल, आत्या, काढून बघ." मी काढला. बजावणारे कोणी नव्हते. फिल्टर एकटा तळहातावर घेतला आणि हलवला, आणि आवाज तिथेच होता. कडे भिंगावर उत्तम बसत होते. सैल होती ती कड्याच्या आतली काच. तिला धरणारी बारीक आतली चकती ढिली झाली होती. रबराचा तुकडा टेकवून फिरवली, आवाज थांबला.

 आकडे सारखे होते. माप बरोबर होते. दुसऱ्याची वस्तू म्हणून अण्णांनी काच काढली नाही, आणि काढली नाही म्हणून त्यांना कळले नाही की हलते आहे ते दुसरेच काही. म्हणजे जे सैल नव्हते त्याला आम्ही सूत गुंडाळले, आणि त्या सुताने कडे वर उचलले गेले. असे असावे. हसनचा फिल्टर तसाच होता याला पुरावा काय? एवढाच की सूत गुंडाळल्यावरही आवाज येत होता. आणि तोही हसनने ऐकलेला, मी नव्हे.

मग मी एक प्रयोग केला, जो मला सांगायला संकोच वाटतो. देवाच्या वातीचे सूत घेऊन मी फिल्टरखाली तसेच फेर दिले, कडे एका बाजूला वर राहील असे आवळले, आणि निखिलच्या बायकोला पायरीच्या डाव्या टोकाला उभे केले. आरशातून पाहिले तर ती दिसली. थोडी अंधूक, पण दिसली. बटण दाबले, आणि फोटोत तिचे डोके गेले. निखिलने समजावून दिले ते असे: आपण पाहत असतो तेव्हा भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असते, कोपरे नुसते मंद दिसतात, बटण दाबले की ते छिद्र, सोळावर ठेवले असेल तर, अगदी लहान होते, आणि मग कड्याची कड कोपरा कापूनच टाकते. मला फार हायसे वाटले. म्हणजे मी खोटे पाहिले नव्हते. ती तिथे असूनही फोटोत न येणे शक्य होते.

परंतु त्याच दमात त्याने दुसरे सांगितले, आणि मी पुन्हा होते तिथे आले. अशा कॅमेऱ्यात बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि पाहणाऱ्याला क्षणभर काहीच दिसत नाही. जो क्षण फोटोत उतरतो, नेमका तोच क्षण फोटो काढणारीला दिसत नाही. मी तिला पाहिले ते आधी. नंतर पाहिले तेव्हा ती कावळ्यामागे होती. मधल्या त्या एका क्षणी ती काळोखामागे उभी होती, की दर वेळेसारखी निघून गेली होती आणि तो काळोख एका रिकाम्या पायरीवर पडला होता, हे फिल्टर सांगू शकत नाही. ते फक्त ती चार बोटे सांगू शकतील.

दादाला मी काल विचारले. तो आता ऐंशीकडे झुकला आहे आणि सकाळी मऊभात खाऊन ओटीवर बसतो. म्हणाला, "हात तिचाच." मी विचारले, खांद्यावर आठवतो का? "अगो, त्या दिवशी अंगात शर्ट कुठला होता तेही आठवत नाही मला. पण हात तिचाच." मी म्हटले, कशावरून? त्यावर तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी त्याला तो स्वतः कशावरून आहे असे विचारले होते. "आईचा असू शकेल," मी म्हटले. तो म्हणाला, "असू शकेल की." आणि पुन्हा फाटकाकडे पाहू लागला.

निखिल रविवारी खिळा ठोकणार आहे. बाकीची नावे मी लिहिली आहेत: आई, काकू, काका, अण्णा, पुढे दादा, मुले. अक्षर चांगले आले आहे. डावीकडे बोटभर जागा मोकळी सोडली आहे. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना शिकवले की पाठात जे नाही ते आपल्या पदरचे घालू नये. आणि आयुष्यभर मी त्या बाईच्या हातची सांदणं खाल्ली, जी त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली होती, ही मी. पेन उघडे आहे आणि शाई वाळते आहे. वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर तिथे तिचे नाव लिहिले असते का?